पाकटाची मरी

लग्न होऊन बेंगळुरात आले, त्या पहिल्याच दिवशी मामांनी मला मरी म्हटलं. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, उपेंद्रचे, सख्खे मामा, प्राध्यापक भीमाचार्य. मी वाकून नमस्कार केला, तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बा मरी, कूत्को." बाकीचं मला कळलं नाही, मरी तेवढं कळलं. आमच्या रत्नागिरीकडे मरी म्हणजे पटकी. गावात मरी आली की माणसं पटापट जातात आणि तिला वेशीबाहेर घालवायला नारळ फोडतात. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. उपेंद्रला कारण सांगितलं, तर तो पोट धरून हसायला लागला.

"अगं, कन्नडात मरी म्हणजे पिल्लू. मांजराची मरी, कुत्र्याची मरी. घरात सगळ्यांत लहान असेल तिला लाडानं म्हणतात."

लाडानं! मी तेव्हा चांगली चोवीस वर्षांची घोडी होते, मुंबईत राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. पण त्या घरात मी सगळ्यांत लहान, म्हणून सासूबाईंपासून दूधवालीपर्यंत सगळ्यांची मरी झाले. मरी, इकडे ये. मरी, तुला नाही कळायचं ते. मरीला विचारायचं कशाला, ती काय सांगणार?

घर मल्लेश्वरमात. ही माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. आपण मराठी बोलतो असा त्यांचा ठाम समज होता. त्या मराठीत 'सरी' नावाचा एक शब्द होता, आणि तोच सगळ्या घराचा गाडा ओढायचा. सरी म्हणजे बरोबर. सरी म्हणजे ठीक आहे. सरी म्हणजे पुरे झालं. आणि सासूबाईंनी म्हटलं तर सरी म्हणजे आता गप्प बस. मी काही मागितलं की उपेंद्र म्हणायचा, "सरी, बघू," आणि के. आर. पुरमकडच्या त्याच्या कारखान्याची बस पकडायला निघून जायचा. माणूस वाईट नव्हता. भांडणाची नुसती चाहूल लागली तरी त्याला बस आठवायची.

मला मात्र बाहेर काढलं ते मामांनीच. सूनबाई शिकलेली आहे, तिला घरात कुजवू नका, असं त्यांनी आपल्या अक्काला, म्हणजे माझ्या सासूबाईंना बजावलं. स्वतःच्या कॉलेजात मला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लावून घेतलं आणि पीएच.डी.साठी माझे मार्गदर्शकही तेच झाले. सगळे म्हणाले, केवढी भाग्याची. मलाही तसंच वाटलं. घरातला मोठा आणि कॉलेजातला मोठा एकच माणूस असला म्हणजे तक्रार घेऊन जायला दुसरं दार उरत नाही, हे मला उशिरा कळलं.

विषय मी माझा घेतला होता: शिंगांचे पाकट. पाकट तुम्ही बाजारात पाहिला असेल, सुपासारखा चपटा, चाबकासारख्या शेपटीचा. या जातीच्या पाकटाच्या तोंडापुढं दोन झालरी असतात. त्या गुंडाळल्या की शिंगांसारख्या दिसतात, म्हणून साहेब लोकांनी त्याला सैतान म्हटलं. बिचारा सैतान तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातला बारीक जवळा गाळून खातो. लहानपणी मिरकरवाड्याच्या बंदरावर मी ते वाळूत पालथे पडलेले पाहिले होते.

कॉलेजचं म्युझियम मामांच्या ताब्यात होतं. तिथं असे दोन होते, दोन्ही मंगळूरकडून आलेले. मोठा भुसा भरून भिंतीवर टांगलेला. त्याच्याखाली पलंग मावला असता. धाकटा जस्ताचा पत्रा ठोकलेल्या पेटीत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, माझे दोन्ही हात पसरले तर जेमतेम मावेल एवढा. पेटीवर मामांच्या वळणदार कन्नड अक्षरात पाटी होती: तोरके मरी. तोरके म्हणजे पाकट. म्हणजे हे भिंतीवरच्याचं पिल्लू. मामांनी तरुणपणी या जोडीवर एक निबंध छापला होता, आणि त्या निबंधावर त्यांची प्राध्यापकी उभी होती.

मी पहिल्या आठवड्यातच अडले. मोठ्याच्या पंखाची पुढची कड मध्येच वाकडी होती, आत जाऊन पुन्हा बाहेर येणारी. धाकट्याची कड कोयत्याच्या पाठीसारखी, एका वळणात टोकापर्यंत गेलेली. धाकट्याची शिंगंही डोक्याच्या मानानं आखूड होती. वाढता वाढता पंख एवढा वाकेल? मी मामांना भर वर्गात विचारलं.

"वयानं माणूसही वाकतो, मरी," मामा म्हणाले. सगळा वर्ग हसला.

मग मी धाकट्याला उलटा केला. तो नर होता. पाकटाच्या नराला शेपटीच्या मुळाशी बोटांसारखे दोन अवयव असतात, क्लॅस्पर म्हणतात त्यांना. पिल्लात ते आखूड आणि मऊ. नर वयात आला की ते लांब होतात आणि आतल्या कूर्चेत चुना साचून ताठ होतात. माझ्या पेटीतल्या पिल्लाचे लांब होते. दाबून पाहिले तर ताठ. म्हणजे हे पिल्लू नव्हतंच. अंगानं लहान, पण पुरा वाढलेला नर होता तो. आणि पुरा वाढूनही जर तो एवढाच, तर भिंतीवरच्याचा तो कुणीच नव्हे. जवळची पण वेगळी जात, चुलत म्हणा हवं तर.

मी धावत मामांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "फॉर्मॅलिनमध्ये काय मऊ राहतं? तुझी जीभ ठेवली तर तीही ताठ होईल."

मुद्दा खरा होता. नुसतं दाबून काही सिद्ध होत नव्हतं. चिरून आत चुना आहे की नाही ते बघायला हवं होतं. मी परवानगी मागितली. मामा म्हणाले, म्युझियमच्या वस्तूला सुरी लागणार नाही. पुन्हा मागितली, तर म्हणाले, "सरी, मरी."

शिवाय म्युझियममध्ये काम करायची रीतही मामांनीच घालून दिलेली. एकटी बाई, कॉलेज मुलांचं. म्हणून दुपारी मी आत गेले की शिपाई देवाप्पा बाहेरून कुलूप घालायचा आणि संध्याकाळच्या घंटेला उघडायचा. काळजीपोटी, बरं का! खिडक्या उंच, त्यांना जाळ्या. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे. दूर यशवंतपूरकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यायची, आणि तीच गाडी हुबळीला जाते, हुबळीहून कारवारची मोटार मिळते, हे मला पाठ झालं होतं. घरी गेलं की मासळीचा वास म्हणून परसातल्या न्हाणीत डोक्यावरून अंघोळ. त्यानंतरच स्वयंपाकघर. पेटीतल्या पाकटाचं निदान एक बरं होतं, त्याची पेटी एकच होती.

कारवारचा जप उगाच चालला नव्हता. तिथं समुद्रजीवांचं एक नवं केंद्र निघालं होतं आणि एक जागा भरायची होती. प्रबंध सादर झालेला हवा, एवढीच अट. उपेंद्र चक्क म्हणाला, "मामांनी सही केली तर अम्मा काही बोलणार नाही. मीही तिकडं काम बघीन." मामांची सही म्हणजे कॉलेजची सुटका आणि घराचीही परवानगी. त्या एका सहीवर माझा समुद्र अडला होता. अर्जाची शेवटची तारीख शनिवार. आणि मामा माझ्या प्रबंधातल्या एका वाक्यावर बोट ठेवून बसले होते: 'हा नमुना पिल्लू नसून वेगळ्या जातीचा प्रौढ नर असावा.'

"हे वाक्य काढ, सही करतो," ते जेवताना म्हणाले. आमच्या घरात प्रबंधाची चर्चाही पानावरच व्हायची.

"मामा, ते खोटं कसं लिहू?"

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "अय्यो, त्या पाकटाच्या मरीपायी एवढा वाद? त्यापेक्षा घरात एक मरी आण बघू. पाळणा माळ्यावर धूळ खातोय."

सगळे हसले. उपेंद्रही हसला, आणि त्याचं हसणं मला सगळ्यांत जास्त लागलं.

शुक्रवारी मी ठरवलं, परवानगी गेली खड्ड्यात. देवाप्पानं कुलूप घातल्यावर पाकट पेटीतून ओढून ट्रेमध्ये उलटा घातला, सुरी घेतली आणि डावा क्लॅस्पर पोटापासून दूर वळवला. आतली, अंगाला चिकटलेली बाजू मी आजवर बोटानं चाचपली होती, वळवून पाहिली नव्हती. तिथं शिवण होती.

बारीक, सफाईदार, वर्षानुवर्षांच्या फॉर्मॅलिननं कातडीच्याच रंगाची झालेली शिवण. कुणीतरी हे आधीच चिरलं होतं, आत पाहिलं होतं आणि पुन्हा शिवून टाकलं होतं. मी भिंग लावलं. दोऱ्याच्या शेवटी ब्रह्मगाठ होती.

आता हे जरा सांगायला हवं. मामांचे वडील वैदिक. लहानपणी मुलाला बसवून त्यांनी जानवी वळायला लावली, तेव्हापासून मामांच्या बोटांना दुसरी गाठ येतच नसे. पुड्याला ब्रह्मगाठ, बरणीच्या फडक्याला ब्रह्मगाठ. बेडकाचं पोट शिवलं तरी शेवटी जानव्याची गाठ. मुलं मागून म्हणायची, सरांच्या बेडकांची मुंज होते. पाटीवर अक्षर कुणाचंही काढता आलं असतं, पण ती गाठ सगळ्या कॉलेजात एकाच माणसाची होती.

मी टाके कापून ती गाठ तळहातावर घेतली. सुरीचं टोक आत टेकवलं तर वाळू चावल्यासारखं कुरकुरलं. चुना होता, आतली कूर्चा चुन्यानं पांढरी झाली होती.

तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज झाला. मामा आपल्याकडच्या किल्लीनं उघडून आत आले आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून सवयीनं दार लोटून घेतलं. उद्याची तारीख आहे, पोरीची समजूत घालावी, म्हणून आले असणार. त्यांनी ट्रे पाहिला, माझ्या तळहातावरची गाठ पाहिली आणि जागच्या जागी उभे राहिले. मी काही बोलणार, एवढ्यात बाहेर देवाप्पाची पावलं वाजली. त्याला दार लोटलेलं पण कुलूप उघडंच लोंबताना दिसलं असावं. हुकूम तो हुकूम. त्यानं कुलूप घातलं आणि चहाला निघून गेला.

"देवाप्पा!" मामांनी दार ठोठावलं. "अरे देवाप्पा, बागिलु तेगी!" म्युझियम कॉलेजच्या पार मागच्या टोकाला. दार कसं ठोठावलं की ऐकू जात नाही, याचा अभ्यास माझा झालेला होता. मी त्यांना स्टूल दिलं.

ते स्टुलावर टेकले. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं."

"मी तुझ्याच वयाचा होतो," मामा म्हणाले. "पेटीवर आमच्या साहेबांनी 'पिल्लू' म्हणून लिहिलेलं. त्यांच्या हाताखाली मी निबंध लिहिला. छापायला गेल्यावर शंका आली, म्हणून चिरलं. असंच कुरकुरलं. सांगायला साहेबांच्या खोलीत गेलो, तर ते म्हणाले, भीमाचार्य, तुझ्या नेमणुकीची शिफारस आज केली."

"मग?"

"मग मी सरी म्हटलं."

"आणि साहेब गेल्यावर? गेल्या वर्षी सगळ्या पाट्या कन्नडात लिहिल्या तेव्हा? मरी हा शब्द तुम्ही तुमच्या हातानं लिहिलात, मामा!"

माझा संताप संताप झाला होता. एवढे महिने वर्गात माझं हसं केलं, जिभेवरून टोमणे मारले, आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! पण समोर पाहिलं, तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसणारा एक म्हातारा. ते फॉर्मॅलिनचं पाणी होतं की दुसरं, कोण जाणे. त्यांना तिथं फार वेळ बसायची सवय नव्हती.

"ऐक माझं," ते हळू म्हणाले. "ते वाक्य आज काढ. आत्ता सही करतो. तू कारवारला जा. तिथं ताजे पाकट मिळतील, जाळ्यातून काढलेले. एकाला दहा चीर आणि हवं ते छाप. मी ब्र काढणार नाही. आज फक्त सरी म्हण."

खरं सांगते, शब्द जिभेवर आला होता. मला समुद्र दिसत होता. एक वाक्य खोडायचं, आणि जाळ्या नाहीत, कुलूप नाही, न्हाणीतली अंघोळ नाही. त्यात वाईट तरी काय होतं? नंतर सगळं खरं सांगताच येणार होतं.

"मामा," मी विचारलं, "तुम्हीही नंतर सांगायचं ठरवलं होतं ना?"

त्यांनी मान खाली घातली. तो होयच होता. तीच पेटी, तोच पाकट, तेच स्टूल. उद्या या स्टुलावर मी बसणार आणि कुणा हुशार मुलीला म्हणणार, वयानं माणूसही वाकतो, मरी.

"वाक्य राहील," मी म्हटलं. शूर वगैरे काही नव्हते मी. आपण स्वतःच आपल्या दाराला कुलूप घालतोय, हे मला स्वच्छ कळत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता.

"निदान ते शिवून तरी टाक," मामा म्हणाले.

मी सुईत दोरा ओवला आणि सुई त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच शिवा. माझी गाठ वेगळी पडेल."

ते ट्रेजवळ आले. एका हातानं कातडी धरली, सुई टेकवली. टोक उचललं, पुन्हा टेकवलं, पण टाका काही घातला नाही. मी बाजूला झाले नाही आणि मदतही केली नाही. संध्याकाळच्या घंटेला देवाप्पानं दार उघडलं, तर आत मामा, हातात सुई.

"अय्यो, स्वामी! तुम्ही आत?"

"काही नाही रे. मरीला काम समजावत होतो," असं म्हणून मामा बाहेर पडले. सुई ट्रेच्या काठावर राहिली. पाकट मी पेटीत घातला नाही. सोमवारी तिथं वर्ग भरणार होता, मुलांनी ते पाहायला हवं होतं. चिरलेली बाजू वर करून, वर फॉर्मॅलिननं भिजवलेलं फडकं घालून तसाच टेबलावर ठेवला आणि घरी आले.

शनिवारी मी प्रबंध मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिले. सही करायला मामा येतील असं मला दिवसभर वाटत होतं. फाटक वाजलं की उठायची. उपेंद्र दोनदा म्हणाला, मी जाऊन विचारू का? दोन्ही वेळा मी 'जा' म्हटलं, आणि दोन्ही वेळा तो चपला घालून फाटकापर्यंत जाऊन परत आला. पोस्ट बंद झालं. हुबळीच्या गाडीची शिट्टी वाजून गेली.

मामा आले ते रविवारी, नेहमीसारखे जेवायला. पानावर बसण्याआधी त्यांनी माझा प्रबंध मागितला, खिशातून पेन काढलं आणि सही केली. ते वाक्य होतं तसंच होतं.

"तारीख काल गेली, मामा," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"मग काल का नाही आलात? काल दिवसभर मी तुमची वाट बघितली!" मी ओरडलेच. त्या घरात मी पहिल्यांदा ओरडले. "काल कुठं होतात तुम्ही?"

"म्युझियममध्ये होतो," मामा म्हणाले. "पेटीवरचा तो शब्द खरवडत होतो. ऑइलपेंट आहे, लवकर निघत नाही."

मला हसावं की सही केलेला प्रबंध त्यांच्या अंगावर फेकावा, कळेना. दोन तासांचं काम त्यांनी दिवसभर पुरवलं होतं. इकडे यावं लागू नये म्हणून पुरवलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी तोंड फिरवून पानं मांडली. भात वाढला.

सासूबाईंना माझा चढलेला आवाज खपला नव्हता. "मरी, मामांशी असं बोलायचं असतं होय?"

"अक्का," मामा म्हणाले, "तिला मरी म्हणू नकोस."

"अय्यो! का? दोन दिवसांत मोठी झाली होय ती?"

"पहिल्यापासूनच होती."

उपेंद्रनं घास हातातच धरला होता. मामांनी कुणाकडे पाहिलं नाही. भाताला आळं केलं आणि पान जरासं पुढं सरकवलं. मी सार वाढलं.